नाना फडणवीस

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१२ फेब्रुवारी, इ.स. १७४२, सातारा – १३ मार्च, इ.स. १८००, पुणे) हे उत्तर पेशवाईतील प्रमुख कारभारी आणि मुत्सद्दी होते. इ.स. १७७४ पासून जवळजवळ पंचवीस वर्षे, मधले थोडे खंड सोडल्यास, पुणे दरबाराचे सूत्र त्यांच्या हाती होते. मराठी सत्तेतील साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे म्हणून त्यांची गणना होते. तलवार न चालवता केवळ बुद्धीने राज्य राखले, असा या अर्धेपणाचा अर्थ लावला जातो. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज फौजा बोरघाटाच्या पलीकडे फार काळ टिकू शकल्या नाहीत, याचे मोठे श्रेय नानांना जाते. घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे (आजचा खालापूर तालुका, रायगड जिल्हा) त्यांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे मंदिर आजही उभे आहे.

नानांच्या कारकिर्दीचा आरंभ एका विधवेच्या गर्भारपणापासून झाला आणि तिचा शेवट एका अल्पवयीन विधवेच्या दत्तकाच्या वादात झाला. मूल कोणाचे, विधवा कोणाच्या ताब्यात, कोणाची मुलगी कोणाला द्यायची, हे प्रश्न त्या काळी घरगुती नव्हते. गादी कोणाची, हे त्यांच्या उत्तरांवर ठरत असे. नानांनी हे साधन वापरले, त्यांच्याविरुद्धही ते वापरले गेले. मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी रंगभूमीवर त्यांची जी प्रतिमा उभी राहिली, तीही याच साधनाची होती.

== घराणे व पूर्वायुष्य ==

भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे (आजचा मंडणगड तालुका, रत्नागिरी जिल्हा). नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ भट यांचे निकटचे सहकारी होते. इ.स. १७१९ मध्ये दिल्लीच्या स्वारीत झालेल्या दंग्यात ते मारले गेले. या उपकाराची जाण ठेवून पेशव्यांनी फडणिशी भानूंच्या घराण्यात ठेवली. वडील जनार्दनपंत इ.स. १७५६ मध्ये वारले, तेव्हा चौदा वर्षांच्या नानांकडे हे काम आले. फडणीस म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख. कोणत्या सरदाराकडे किती येणे, कोणत्या किल्ल्यावर किती शिबंदी, कोणाला काय इनाम, हे सर्व त्याच्या दप्तरात असे. पुढे नानांनी राज्य चालविले ते या दप्तराच्या बळावर.

इ.स. १७६१ च्या पानिपतच्या रणातून ते कसेबसे निसटले. बरोबर असलेली आई त्या धावपळीत अंतरली. या काळापर्यंतचे एक छोटे आत्मचरित्र नानांनी लिहून ठेवले आहे. त्यात देवभक्ती आणि पानिपतचा आकांत आहेच. शिवाय तारुण्यातील कामवासनेची कबुलीही आहे. अठराव्या शतकातील एखाद्या कारभाऱ्याने आपल्या मनाची अशी झडती घ्यावी, हे मराठी गद्यात दुर्मीळच. पुढे विरोधकांनी याच कबुलीला पुरावा मानले. पण पश्चात्तापाने लिहिलेला मजकूर आणि साक्षीदाराची जबानी यांत फरक असतो.

== नारायणरावांचा खून आणि गंगाबाई ==

३० ऑगस्ट, इ.स. १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. चुलते रघुनाथराव यांनी पेशवेपद घेतले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी ठरविले आणि पुण्याची नोकरी सोडली. खुनाच्या हुकुमातील ध चा मा आनंदीबाईंनी केल्याची कथा मराठी घराघरांत माहीत आहे. तिला समकालीन कागदांचा भक्कम आधार मिळत नाही. कटात सामील असलेल्या पुरुषांची नावे लोकांच्या विस्मरणात गेली आणि एका स्त्रीची लेखणी तेवढी लक्षात राहिली.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला तर रघुनाथरावांचा हक्क संपणार होता. रघुनाथराव मोहिमेवर गेले असता जानेवारी १७७४ मध्ये सखारामबापू बोकील, नाना, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी कारभाऱ्यांनी गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर नेले. सोबत सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. हेच बारभाईंचे कारस्थान. जन्माला न आलेल्या मुलाच्या नावाने राज्यकारभार सुरू झाला. आधाराला एका कोवळ्या वयाच्या विधवेचे पोट होते, आणि तिला स्वतःला काय हवे आहे, हे विचारल्याची नोंद कुठे दिसत नाही.

१८ एप्रिल, इ.स. १७७४ रोजी मुलगा झाला. सातारच्या छत्रपतींकडून वस्त्रे आणवून, मूल चाळीस दिवसांचे असताना २८ मे रोजी त्याला पेशवेपद देण्यात आले. हेच सवाई माधवराव.

== अफवेचे राजकारण ==

मुलाच्या जन्माबरोबर कुजबूजही जन्मली. तिचे दोन प्रकार होते. एक असा, की ऐन वेळी मुलगी झाली तर बदलता यावी म्हणून आणखी काही गर्भार ब्राह्मण स्त्रिया गडावर आणून ठेवल्या होत्या. दुसरा असा, की मूल नारायणरावांचे नसून नानांचे आहे. ग्रँट डफ याने इ.स. १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात अशा वार्ता नोंदविल्या आणि त्यामुळे त्यांना छापील पुस्तकाचे वजन मिळाले.

ही कुजबूज कोणाच्या फायद्याची होती, हे पाहिले की तिचे मर्म कळते. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ६ मार्च, इ.स. १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. साष्टी, वसई इत्यादी प्रदेशाच्या बदल्यात मुंबईकर इंग्रजांनी त्यांना गादीवर बसविण्याचे कबूल केले. परंतु पुरंदरावरचे मूल खरे असेल, तर रघुनाथराव हा गादीचा हक्कदार न राहता बंडखोर ठरतो आणि तहच निराधार होतो. मूल औरस नसणे ही मुंबईकरांची गरज होती. कलकत्त्याच्या कौन्सिलला ती गरज नव्हती. तिने हा तह अमान्य केला आणि १ मार्च, इ.स. १७७६ रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह केला.

कालगणना साधी आहे. खून ऑगस्टअखेर झाला, जन्म पुढील एप्रिलच्या मध्यानंतर. म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर साडेसात महिन्यांनी. खुनाच्या वेळी गंगाबाईंना दिवस गेलेले होते, हे यावरून सहज जुळते. संशयाला तारखांचा आधार नव्हता. तो लोकांच्या मनातील विधवेविषयीच्या संशयावर पोसला होता. विधवेच्या शीलावर एक शब्द टाकला की तो पुसून काढणे कोणाला शक्य नसे. राजकारणात याहून स्वस्त हत्यार नव्हते.

तुलनेसाठी दुसरा एक जन्म पाहावा. रघुनाथराव डिसेंबर १७८३ मध्ये वारले आणि आनंदीबाईंचा धाकटा मुलगा चिमाजीआप्पा मार्च १७८४ मध्ये, पित्याच्या मृत्यूनंतर जन्मला. त्याच्या जन्माविषयीची कुजबूज इतिहासात गाजलेली नाही. त्या मुलावर तेव्हा कोणाचीही गादी अवलंबून नव्हती.

गंगाबाई १२ जुलै, इ.स. १७७७ रोजी पुरंदरावर वारल्या. नानांशी असलेल्या संबंधाचे परिणाम लपविण्यासाठी घेतलेल्या औषधाने मृत्यू आला, ही ऐकीव गोष्टही डफने दिली आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी इ.स. १८९२ मध्ये नानांचे चरित्र लिहिले; ते आणि त्यांच्यानंतरचे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यासारखे मराठी इतिहासकार या आरोपाला मान्यता देत नाहीत. मात्र या वादात बहुतेकांनी नानांची बाजू मांडली किंवा खोडली. गंगाबाईंचे वय, त्यांचा एकांतवास, तीन वर्षांच्या मुलाला मागे ठेवून झालेला मृत्यू, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

== तोतया आणि पार्वतीबाई ==

पुरंदरावरचे मूल दोन वर्षांचे होत असतानाच दुसरे संकट आले. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा कनोजचा एक ब्राह्मण रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. इ.स. १७७६ मध्ये तेथील अधिकारी रामचंद्र परांजपे याने त्याला सोडले. हा तोतया पाहता पाहता कोकणातील बहुतेक किल्ले घेत बोरघाटापर्यंत पोहोचला. आजच्या कर्जत-खालापूरच्या माथ्यावरील राजमाचीच्या परिसरात लढाई झाली. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याला मागे रेटले. रघूजी आंग्रे यांनी त्याला पकडले आणि वर्षाअखेर पुण्यात त्याला देहदंड झाला.

तोतयाचा दावा खरा ठरला असता, तर पेशव्यांच्या घरातील वडील पुरुष म्हणून कारभार त्याच्याकडे आला असता आणि पार्वतीबाई त्याची पत्नी ठरल्या असत्या. पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू कधीच मानला नाही, इ.स. १७८३ मध्ये निधन होईपर्यंत त्या सौभाग्यवतीच्या वेशात राहिल्या. त्यांची ही खासगी श्रद्धा तोतयाच्या पथ्यावर पडली, कारण भाऊंच्या पत्नीचेच कुंकू भाऊ जिवंत असल्याचे सांगत होते. एका विधवेच्या गर्भावर शंका घेऊन आणि दुसरीच्या कुंकवाचा आधार घेऊन, अशा दोन्ही बाजूंनी बारभाईंची सत्ता पोखरण्याचे प्रयत्न दोन-तीन वर्षांच्या आत झाले.

== बोरघाटातील युद्ध ==

इ.स. १७७८ मध्ये नानांचे चुलतभाऊ मोरोबादादा फडणीस यांनी रघुनाथरावांना आणण्याचा कट केला. नानांनी तो मोडून मोरोबांना कैद केले. सखारामबापूही पुढे कैदेत पडले आणि इ.स. १७८१ मध्ये रायगडावर वारले. बारभाईंतून एकच माणूस उरला.

रघुनाथरावांना बरोबर घेऊन इंग्रज फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघाली आणि पनवेलवरून बोरघाट चढून खंडाळ्यास आली. तिचा वेग अतिशय मंद होता. मराठ्यांनी समोरून मोठी लढाई न देता चारापाणी तोडले, गावे ओस पाडली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठे त्याला इष्टुर फाकडा म्हणत. तळेगावाहून माघार घेताना इंग्रज वेढले गेले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावचा तह करून सुटले.

जनरल गॉडर्ड याने हाच घाट फेब्रुवारी १७८१ मध्ये पुन्हा घेतला. त्याचा मुक्काम खोपोलीस होता. इंग्रजी कागदांत हे गाव कॅम्पोली या नावाने येते. घाटमाथा हाती आला म्हणजे पुणे दरबार वाकेल, असा त्याचा हिशेब होता. नाना वाकले नाहीत. हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांनी घाटावरून दाब ठेवला, तर परशुरामभाऊ पटवर्धन यांनी खाली कोकणात उतरून पनवेलहून येणारी रसद मारली. एप्रिलमध्ये गॉडर्डला पनवेलकडे माघार घ्यावी लागली. खालापूरच्या झाडीतून जाताना त्याची साडेचारशेंहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. १७ मे, इ.स. १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला आणि सवाई माधवरावांना पेशवे मानले. जन्माच्या वादाचा निकाल असा रणांगणावर लागला.

== कारभार आणि कोतवाली ==

टिपूविरुद्धच्या मोहिमा आणि ११ मार्च, इ.स. १७९५ रोजीची खर्ड्याची लढाई या काळातील मोठ्या राजकीय घटना. अंतर्गत कारभारातील एक बाजू मात्र अनेकदा दुर्लक्षित राहते. पेशवाईत स्त्री-पुरुषांच्या संबंधांवर सरकारची नजर असे. व्यभिचार, म्हणजे त्या काळच्या भाषेत बदकर्म किंवा सिंदळकी, हा सरकारी गुन्हा होता आणि त्यावरील दंड ही सरकारी जमा होती. पाट लावण्यावर पाटदाम नावाची पट्टी होती. व्यभिचाराबद्दल पुरुष बहुधा दंड भरून सुटे. स्त्रीला मात्र अनेकदा कुणबीण म्हणून सरकारी कोठीत किंवा किल्ल्यावर राबावे लागे, तिची विक्रीही होई. श्रीमंत सरदारांच्या नाटकशाळांना हे नियम लागत नसत. ज्या कारभाऱ्याच्या शीलावर इंग्रजांच्या छावणीत चर्चा चालली होती, त्याच्याच राज्यात सामान्य स्त्रीच्या शीलाचा हिशेब कोतवालीच्या वहीत चढत होता.

ही कोतवाली फेब्रुवारी १७७७ पासून घाशीराम सावळदास याच्याकडे होती. नानांच्या विश्वासावर त्याने शहरावर मोठा धाक बसविला. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याने चोर समजून कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक जण गुदमरून मेले. क्षोभ इतका झाला की ३१ ऑगस्ट रोजी घाशीरामास जमावाच्या हाती देण्यात आले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. चौदा वर्षे त्याच्या तक्रारी कानावर येत असताना नानांनी डोळेझाक केली, हा दोष त्यांच्याकडून काढता येत नाही.

== दत्तकाचा वाद आणि अखेर ==

२७ ऑक्टोबर, इ.स. १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यातील माडीवरून पडून झालेल्या दुखापतीने वारले. वय एकवीस, मूल नाही. पत्नी यशोदाबाई अल्पवयीन होत्या. बावीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला; या वेळी गर्भ नव्हता, दत्तक होता. रघुनाथरावांचा थोरला मुलगा बाजीराव गादीवर येऊ नये म्हणून यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देण्याची योजना नानांनी आखली. पुढे कारस्थाने नानांच्या हातून निसटली आणि ते महाडकडे गेले. परशुरामभाऊंनी इ.स. १७९६ मध्ये याच चिमाजीआप्पाला यशोदाबाईंना दत्तक देऊन पेशवा केले. तो नात्याने सवाई माधवरावांचा चुलता लागत असल्याने दत्तक अशास्त्र ठरले आणि काही महिन्यांत रद्द झाले. डिसेंबरमध्ये नानांच्याच संमतीने दुसरा बाजीराव पेशवा झाला. यशोदाबाईंचे पुढील आयुष्य पहाऱ्यात गेले.

३१ डिसेंबर, इ.स. १७९७ रोजी दौलतराव शिंदे यांच्या छावणीत नानांना दग्याने कैद करण्यात आले. या कटामागे सर्जेराव घाटगे होता. आपली रूपवान मुलगी बायजाबाई हिचे लग्न दौलतरावांशी लावून देण्याच्या बदल्यात त्याला शिंद्यांची दिवाणगिरी हवी होती. नानांना दूर करणे हा त्याच व्यवहाराचा भाग होता. लग्न इ.स. १७९८ च्या आरंभी पुण्यात झाले. खर्च भागविण्यासाठी घाटग्याने शहरातील प्रतिष्ठितांना तापल्या तोफांवर बसवून पैसा उकळला. नाना त्या वर्षी मोठी रक्कम देऊन अहमदनगरच्या कैदेतून सुटले, पुन्हा कारभारात आले आणि १३ मार्च, इ.स. १८०० रोजी पुण्यात वारले.

== कुटुंब ==

वंशासाठी नानांनी एकामागून एक विवाह केले. ही संख्या नऊ सांगितली जाते. मुलगा जगला नाही. ते अठ्ठावन्नाव्या वर्षी वारले तेव्हा मागे राहिलेल्या जिऊबाई सुमारे नऊ वर्षांच्या होत्या. दुसऱ्यांच्या विधवांचे प्रश्न आयुष्यभर हाताळलेल्या कारभाऱ्याच्या घरात हे घडले. नानांची दौलत बाजीरावाला हवी असल्याने जिऊबाईही राजकारणात ओढल्या गेल्या. नानांच्या विश्वासातील धोंडोपंतांनी त्यांना लोहगडावर आश्रय दिला. जनरल वेलस्लीने किल्ला मोकळा करून घेतला, तेव्हा झालेल्या ठरावानुसार जिऊबाई इंग्रजांच्या संरक्षणाखाली पनवेलला राहण्यास गेल्या आणि त्यांना वर्षाला बारा हजार रुपये तनखा मिळाला. ज्यांना नानांनी बोरघाटाखाली परतवले होते, त्यांच्याच आश्रयाला त्यांच्या पत्नीला जावे लागले.

== साहित्य व रंगभूमी ==

घाशीरामावर मोरोबा कान्होबा यांचे घाशीराम कोतवाल हे पुस्तक इ.स. १८६३ मध्ये निघाले. त्याच नावाचे विजय तेंडुलकरांचे नाटक प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर, इ.स. १९७२ रोजी पुण्यात प्रथम सादर केले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नानांची भूमिका मोहन आगाशे यांची. नाटकात घाशीराम आपली मुलगी गौरी नानांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. नानांच्या बदनामीच्या कारणावरून मोठा वाद झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले; पुढे थिएटर अकॅडमीने ते देशपरदेशांत नेले.

गौरीचा प्रसंग ऐतिहासिक नाही आणि नाटककारानेही इतिहास लिहिल्याचा दावा केलेला नाही. मात्र नाटकाचे प्रयोग पाहिलेल्या अनेकांना तो प्रसंग इतिहासच वाटतो. मुलगी देऊन पद मागण्याचा व्यवहार त्या पुण्यात झाला होता, हे खरे आहे. तो घाटगे आणि शिंदे यांच्यातला होता, आणि नाना त्यात बळी गेलेल्यांपैकी होते.

== खोपोलीचा तलाव ==

घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर माणसांना आणि बैलांना पाणी मिळावे म्हणून नानांनी खोपोलीस घडीव दगडांचा विस्तीर्ण तलाव बांधविला. काठावरील महादेवाचे मंदिर वीरेश्वर या नावाने ओळखले जाते. मुंबई-पुणे मार्गाने प्रवास करणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज प्रवाशांनी तलावाचा उल्लेख बांधणाऱ्याच्या नावासह केला आहे. नानांचा वाडा आणि कृष्णेवरील घाट वाईजवळ मेणवली येथे आहेत.